बास्केटबॉल व इतर खेळांतील पाऊल आणि घोट्याच्या दुखापती : उधना परिसरातील अध्यापकांसाठी एक विवेचन

प्रस्तावना

दिनांक 19 ऑक्टोबर 2023 रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे क्रिकेट विश्वचषक स्पर्धेतील भारत विरुद्ध बांगलादेश हा सामना सुरू होता. सुरत येथे जन्मलेला अष्टपैलू खेळाडू हार्दिक पांड्या याने आपल्या पहिल्याच षटकात फलंदाजाने सरळ मारलेला चेंडू पायाने अडविण्याचा प्रयत्न केला आणि तोल जाऊन त्याचा डावा घोटा दुखावला. त्याने केवळ 3 चेंडू टाकले होते; षटकातील उरलेले 3 चेंडू विराट कोहलीला टाकावे लागले. त्यानंतर बंगळूर येथील राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याच्यावर उपचार झाले. तरीही 16 दिवसांनी, 4 नोव्हेंबर रोजी, तो उर्वरित स्पर्धेत खेळू शकणार नसल्याचे जाहीर करण्यात आले. स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये तो थेट 2024 साली परतला.

ही घटना येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या दुखापतीतून सावरण्यास देशातील उत्तम वैद्यकीय सेवा उपलब्ध असूनही 16 दिवस अपुरे पडले, त्याच स्वरूपाच्या दुखापतीला आपल्या महाविद्यालयांच्या मैदानावर बहुधा दोन दिवसही दिले जात नाहीत. उधना हा सुरत शहरातील यंत्रमाग आणि कापड उद्योगाचा भाग. येथे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे, गुजराती कुटुंबे आणि उर्दू-हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. घोटा दुखावला की मराठी विद्यार्थी 'पाय मुरगळला' म्हणतो, गुजराती विद्यार्थी 'मचकोड' म्हणतो आणि उर्दूभाषक विद्यार्थी 'मोच' म्हणतो. शब्द तीन असले तरी त्यामागील समजूत एकच असते, ती म्हणजे 'काही मोडलेले नाही, दोन दिवसांत बरे होईल.' ही समजूत तपासून पाहणे आणि मैदानावर उपस्थित असलेल्या अध्यापकाने नेमके काय करावे याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घोट्याची रचना

मानवी पावलात 26 हाडे असतात. पाऊल आणि पाय जेथे जोडले जातात तो सांधा म्हणजे घोटा. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड ही दोन हाडे खाली येऊन एक खाच तयार करतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे उंचवटे ही या हाडांची टोके होत. या खाचेत टालस नावाचे हाड, सुताराने चूल बसवावी तसे, बसलेले असते.

या रचनेतील दोन गोष्टी अध्यापकांनी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, टालस हे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद असते. पाऊल जमिनीवर सपाट असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो; परंतु चवडा खाली झुकला, म्हणजे उडी मारताना अथवा उडीवरून खाली येताना, अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल होतो. दुसरी गोष्ट अशी की, बाहेरचा उंचवटा आतील उंचवट्यापेक्षा अधिक खाली आलेला असतो आणि आतल्या बाजूचे अस्थिबंध रुंद व बळकट असतात. त्यामुळे पाऊल बाहेरच्या दिशेने सहसा वळत नाही, आतल्या दिशेने मात्र सहज वळते आणि बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधांवर ताण येतो. बाहेरच्या बाजूस असे तीन अस्थिबंध असतात. त्यांपैकी सर्वांत पुढचा अस्थिबंध सर्वांत कमकुवत असून बहुसंख्य वेळा प्रथम तोच तुटतो.

मुरगळणे म्हणजे शीर सरकणे अथवा हाड जागेवरून हलणे नव्हे. मुरगळणे म्हणजे अस्थिबंधाचे तंतू ताणले जाणे किंवा तुटणे. पहिल्या श्रेणीत तंतू ताणले जातात, दुसऱ्या श्रेणीत काही तंतू तुटतात आणि तिसऱ्या श्रेणीत संपूर्ण अस्थिबंध तुटतो. सौम्य दुखापत एक ते दोन आठवड्यांत सुधारते. गंभीर दुखापतीस दोन-तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

बास्केटबॉल आणि घोटा

बास्केटबॉल हा खेळ 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी शोधून काढला. त्यांना हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल आणि धक्काबुक्की कमी असेल असा खेळ हवा होता. धक्काबुक्की कमी झाली. परंतु टोपली उंचावर बांधल्यामुळे उडी हा खेळाचा प्राण झाला आणि प्रत्येक उडीनंतर खाली येणे अपरिहार्य ठरले.

या खेळातील घोट्याच्या दुखापतींचा एक महत्त्वाचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केला. खेळाडूंच्या 10,393 सहभागांची त्यात नोंद होती. दर 1000 सहभागांमागे 3.85 घोट्याच्या दुखापती आढळल्या आणि त्यांपैकी 45 टक्के उडीवरून खाली येताना झाल्या होत्या. टोपलीखाली चार-पाच खेळाडू एकाच वेळी उड्या मारतात आणि खाली येणाऱ्याचा पाय जमिनीऐवजी दुसऱ्याच्या पायावर पडतो, हे दृश्य प्रत्येक क्रीडा शिक्षकाच्या परिचयाचे आहे.

या अभ्यासातील दोन निष्कर्ष अध्यापकांच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहेत. ज्याचा घोटा पूर्वी एकदा दुखावला होता त्याला पुन्हा दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ पाचपट होती. तसेच घोटा दुखावलेल्या खेळाडूंपैकी 56.8 टक्के खेळाडूंनी कोणत्याही तज्ज्ञाकडून उपचार घेतले नव्हते. हे दोन निष्कर्ष एकत्र वाचले असता दुर्लक्षित राहिलेली पहिली दुखापत किती महाग पडू शकते याची कल्पना येते.

असे का होते, याचे उत्तर अस्थिबंधाच्या दुसऱ्या कार्यात आहे. अस्थिबंध हा केवळ दोर नसतो. पाऊल कोणत्या कोनात आहे याची वार्ता मेंदूकडे नेणारी मज्जातंतूंची टोके त्यात असतात. अस्थिबंध तुटला की ही टोकेही निकामी होतात. सूज उतरते, वेदना थांबते, परंतु पाऊल वळू लागल्याची सूचना उशिरा मिळते आणि पोटरीच्या बाहेरील स्नायू वेळेवर सावरून घेत नाहीत. म्हणूनच दुखणे थांबणे आणि घोटा बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

इतर खेळांतील दुखापती

व्हॉलीबॉलमध्ये घोट्याच्या बहुतेक दुखापती जाळ्याजवळ होतात. स्मॅश मारणारा आणि अडविणारा दोघेही उंच उडी घेतात आणि एकाचा पाय मध्यरेषा ओलांडून दुसऱ्याच्या पावलाखाली येतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा कोपरारक्षक पकडतो. पाऊल पकडीत अडकलेले असते आणि शरीर मात्र मध्यरेषेकडे झेप घेते. परिणामी पिळाचा सर्व ताण घोट्यावर अथवा गुडघ्यावर येतो. खो-खोमध्ये उकिडवे बसलेला खेळाडू 'खो' मिळताच चवड्यावर जोर देऊन उठतो आणि खांबाजवळ वेगाने वळतो, त्यामुळे चवडा व अंगठ्याच्या सांध्यावर भार पडतो. मातीवर अनवाणी खेळताना नखे, बोटे आणि तळव्याच्या जखमा होतात. अशा जखमेनंतर धनुर्वाताच्या लशीची चौकशी करणे अध्यापकाने विसरू नये.

मुरगळण्यासारख्या दिसणाऱ्या परंतु वेगळ्या असलेल्या काही दुखापती ओळखता येणे आवश्यक आहे.

टाचेच्या मागील जाड स्नायुबंध, म्हणजे अकिलीस, तुटल्यास खेळाडूला मागून कोणीतरी लाथ मारल्याचा भास होतो. एप्रिल 2013 मध्ये अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबे ब्रायंट याचा अकिलीस सामन्यात तुटला, तरीही त्याने दोन फ्री थ्रो टाकले आणि मगच मैदान सोडले. चार पावले चालता आली म्हणजे काही तुटले नाही, असे मानणे किती धोक्याचे आहे हे यावरून स्पष्ट होते. विद्यार्थ्याला पालथे झोपवून पावले बाकाबाहेर लोंबकळू द्यावीत आणि पोटरी हाताने दाबावी. निरोगी पायाचे पाऊल किंचित खाली झुकते. अकिलीस पूर्ण तुटला असेल तर ते हलत नाही. अशा विद्यार्थ्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

पावलाच्या बाहेरील कडेचे, करंगळीकडे जाणारे लांब हाड मुरगळताना मोडू शकते. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांनी 1902 मध्ये या प्रकारच्या अस्थिभंगाचे वर्णन केले. त्यांना स्वतःला ही दुखापत नृत्य करताना झाली होती. या हाडाच्या काही भागास रक्तपुरवठा कमी असल्याने ते सावकाश जुळते. तिसरा प्रकार म्हणजे ताणामुळे पडणारी बारीक तडा. सराव वाढवल्यानंतर एकाच बिंदूवर दुखू लागणे आणि दररोज दुखणे वाढत जाणे हे तिचे लक्षण होय.

मैदानावरील तपासणी

कॅनडातील ओटावा येथे स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये घोट्याचा एक्स-रे केव्हा काढावा यासंबंधी सोपे नियम प्रसिद्ध केले. हे नियम डॉक्टरांसाठी असले तरी 'या विद्यार्थ्याला आजच रुग्णालयात न्यावे काय?' हा निर्णय घेताना अध्यापकालाही त्यांचा उपयोग होतो. पुढीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास एक्स-रे आवश्यक समजावा :

1. बाहेरील उंचवट्याच्या टोकावर किंवा त्याच्या मागील कडेवर, खालच्या 6 सेंटिमीटर भागात, हाडावर दाबले असता दुखणे.
2. आतील उंचवट्याच्या बाबतीत त्याच ठिकाणी दुखणे.
3. पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावर, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी दाबले असता दुखणे.
4. पावलाच्या आतील बाजूस, कमानीच्या वरच्या हाडावर दाबले असता दुखणे.
5. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना, चार पावले टाकता न येणे.

तपासताना सुजेवर नव्हे तर हाडावर बोट ठेवून दाबावे. पाऊल वाकडे दिसत असेल, बधिर झाले असेल किंवा थंड व पांढुरके पडले असेल तर कोणतीही तपासणी करत न बसता पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णालय गाठावे. उधना परिसरातून मजुरा गेट येथील न्यू सिव्हिल रुग्णालय आणि महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय ही दोन्ही सार्वजनिक रुग्णालये जवळ आहेत. विद्यार्थिनींची तपासणी शक्यतो अध्यापिकेने करावी. मोजे काढण्याचा संकोच वाटल्यामुळे दुखापत लपविली जाऊ नये, यासाठी सामन्याच्या वेळी एक अध्यापिका उपस्थित असणे ही सोय नसून गरज आहे.

पहिले तीन दिवस

अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री मांडली. पुढे स्वतः मर्किन यांनीच बर्फाने बरे होण्याची नैसर्गिक प्रक्रिया लांबू शकते असे मत नोंदविले. म्हणून आज बर्फाकडे वेदना कमी करण्याचे साधन एवढ्याच दृष्टीने पाहावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे ठेवावा. तो थेट त्वचेवर ठेवू नये. दाबपट्टी बोटांकडून वर बांधत न्यावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. पूर्ण विश्रांती एक-दोन दिवस पुरे. त्यानंतर वेदना सोसेल इतपत हालचाल सुरू करणे हितकारक असते.

आंबेहळदीचा लेप लावण्याची घरोघरी रीत आहे. लेपाने सहसा अपाय होत नाही. मात्र पहिल्या तीन दिवसांत जोराने मालीश करणे, गरम शेक देणे आणि हाडवैद्याकडून झटका देऊन 'पाय बसवून घेणे' या तीन गोष्टी टाळाव्यात. तंतू तुटलेले असताना चोळल्याने रक्तस्राव व सूज वाढते, आणि हाड मोडलेले असल्यास झटक्याने ते सरकू शकते. वेदनाशामक गोळी घेऊन त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरणे हे तर दुखापतीला निमंत्रणच होय.

मुस्लिम विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी दोन बाबींकडे लक्ष देणे आवश्यक आहे. पहिली बाब वुजूची. दिवसातून पाच वेळा पट्टी सोडून बांधल्यास दाबाचा उपयोग राहत नाही आणि घोटा पुन्हा पुन्हा हलतो. पट्टी सोडणे अपायकारक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असल्यास तिच्यावर ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, सवलत फिक्हमध्ये दिलेली आहे. दुसरी बाब कादा, म्हणजे नमाजमधील बैठकीची. या बैठकीत पुरुष डावे पाऊल आडवे करून त्यावर बसतात आणि उजवे पाऊल उभे ठेवतात. डाव्या पावलाचा चवडा खाली झुकलेला आणि आतल्या बाजूस वळलेला असतो. ज्या स्थितीत बाहेरचा पुढचा अस्थिबंध तुटतो, जवळजवळ तीच ही स्थिती असून तिच्यावर शरीराचा भारही पडतो. आजारी माणसाला जमेल तशा बैठकीत नमाज अदा करण्याची मुभा आहे. तरुण खेळाडू संकोचापोटी ती घेत नाही. अध्यापकाने ही गोष्ट त्याला आपणहून सांगावी आणि तपशिलासाठी स्थानिक आलिमांकडे पाठवावे.

पुन्हा मैदानावर येण्यापूर्वी

गेलेली संवेदना व्यायामाने बऱ्याच अंशी परत मिळवता येते. नेदरलँड्समध्ये 522 खेळाडूंवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घोटा मुरगळलेल्या खेळाडूंपैकी एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत घरी करावयाचे तोल सांभाळण्याचे 8 आठवड्यांचे व्यायाम देण्यात आले. वर्षभरात व्यायाम न केलेल्या गटातील 33 टक्के, तर व्यायाम केलेल्या गटातील 22 टक्के खेळाडूंचा घोटा पुन्हा मुरगळला. या व्यायामांना मोठी व्यायामशाळा अथवा सततची देखरेख लागली नाही, ही गोष्ट साधनांची कमतरता असलेल्या महाविद्यालयांना दिलासा देणारी आहे.

पुढील क्रम कोणत्याही महाविद्यालयात राबवता येईल. प्रथम बसल्या जागी पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे काढावीत. नंतर सायकलची जुनी ट्यूब पावलाभोवती अडकवून पाऊल बाहेरच्या दिशेने ओढावे. त्यानंतर दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभे राहावे, आधी डोळे उघडे ठेवून व नंतर मिटून. या वेळी भिंत हाताशी असावी. पुढे एका पायावर टाचा उचलणे, एका पायावर उड्या, सरळ धावणे आणि शेवटी नागमोडी धावणे असा क्रम ठेवावा. एका पायरीवर दुखले किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली तर मागील पायरीवर यावे. चांगल्या पायावर जितक्या उड्या मारता येतात जवळपास तितक्याच दुखऱ्या पायावर न दुखता मारता आल्या, तरच सामन्यास परवानगी द्यावी. परवानगीचा आधार दिनदर्शिका नसून ही चाचणी असावी.

पूर्वी दुखापत झालेल्या खेळाडूने घोट्याला आधार देणारा ब्रेस वापरावा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 1460 शालेय बास्केटबॉलपटूंवर झालेल्या 2011 मधील अभ्यासात लेस बांधण्याचा ब्रेस वापरणाऱ्यांमध्ये दर 1000 सहभागांमागे 0.47, तर न वापरणाऱ्यांमध्ये 1.41 घोट्याच्या दुखापती झाल्या. मात्र ब्रेस हा व्यायामाला पर्याय नव्हे.

अध्यापकांची भूमिका

कम्युनिटी कॉलेजमधील विद्यार्थी अनेकदा कमावता असतो. उधन्यातील यंत्रमागांवर 12 तासांची पाळी असते आणि मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. मागांच्या रांगांमधून दिवसभर उभ्याने फिरणाऱ्या मुलाचा घोटा अस्थिर झाला तर त्याचा केवळ सामना जात नाही, घरातील उत्पन्न घटते. हार्दिक पांड्याच्या मागे संघ, डॉक्टर आणि करार उभे होते. उधन्यातील खेळाडूच्या मागे उभा राहू शकणारा पहिला जाणकार माणूस म्हणजे त्याचा अध्यापक.

यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. प्रत्येक संघाची दुखापत-नोंदवही ठेवावी आणि त्यात तारीख, कोणता पाय, कसे घडले व पूर्वी कधी मुरगळला होता काय, एवढे लिहावे. सरावाच्या आरंभी 10 मिनिटे एका पायावरील तोलाचे व्यायाम आणि गुडघे वाकवून दोन्ही पायांवर उतरण्याचा सराव संपूर्ण संघाकडून करून घ्यावा. आणि खेळाडूला सामन्यातून वगळण्याचा अंतिम अधिकार कर्णधाराकडे न ठेवता अध्यापकाकडे असावा.

निष्कर्ष

पाऊल व घोट्याच्या दुखापती बास्केटबॉलसारख्या खेळातून पूर्णपणे टाळता येणार नाहीत. परंतु दुसरी दुखापत मोठ्या प्रमाणात टाळता येते आणि ती टाळण्याचा काळ म्हणजे पहिल्या दुखापतीनंतरचे काही आठवडे. हाडावर बोट ठेवून केलेली तपासणी, तीन दिवसांचा संयम, 8 आठवड्यांचे व्यायाम आणि उडीची चाचणी या चार गोष्टींसाठी एका नोंदवहीपलीकडे फारसा खर्च नाही. विद्यार्थी 'नुसता मुरगळलाय, सर' असे म्हणेल तेव्हा त्या 'नुसता' या शब्दावर विश्वास न ठेवणे, ही या कामाची सुरुवात आहे.